सांगलीहून समुद्र बघायला निघताना आधी तिथी बघा

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय : मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. दोघांना समुद्रातले जीव खरेखुरे दाखवायचे आहेत, पुस्तकातले नकोत. यजमानांना शनिवार-रविवार एवढीच सुट्टी मिळते. बरोबर सासूबाई असतील, त्यांचे गुडघे दुखतात. घरी मासे शिजत नाहीत, त्यामुळे सुरमई कुठली आणि बांगडा कुठला हेही कुणाला ओळखता येत नाही. मालवणला स्कूबा करावं, मुंबईचं मत्स्यालय बघावं, की आणखी काही?

ताई, मी इथल्याच एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होतो. निवृत्त होईपर्यंत जवळजवळ दरवर्षी बी.एस्सी.च्या मुलांना घेऊन रत्नागिरीला गेलोय. आणि हो, मीही लिंगायत घरातला, मासे खात नाही. पहिल्या वर्षी तिथल्या मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर नाकाला रुमाल लावून उभा होतो, पोरं गालातल्या गालात हसत होती. तिसऱ्या वर्षापासून रुमाल सुटला. म्हणजे शाकाहारी असण्याची अडचण दोन तासांपुरती असते. खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती तुम्ही विचारलेली नाही.

कुठं जायचं याचं उत्तर सोपं आहे : रत्नागिरी. सांगलीहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, कोल्हापूर-मलकापूर-आंबा घाट-साखरपा-पाली-हातखंबा असा सरळ रस्ता. केव्हा जायचं, हे मात्र सुट्टीवरून ठरवू नका. ते चंद्रावरून ठरतं.

सुरुवातीच्या वर्षांत माझी एकदा चांगलीच फजिती झाली होती. परीक्षा, एसटीचं बुकिंग, प्राचार्यांची सही असं सगळं जुळवून चाळीस मुलं नेली. दुपारी बाराला ओहोटी आहे असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ऐन उन्हात खडकांवर जाऊन उभे राहिलो. पाणी मागं हटायचं नावच घेईना. हटलं ते दहा-पंधरा पावलं. खडकाचा वरचा वाळका पट्टा तेवढा दिसला, त्यावर चिकटलेली कालवं (खडकाला धरून राहणारी शिंपली), बाकी काही नाही. जवळच एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, जाळं शिवत बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, पंचांग घरी ठेवून आलात काय? आज अष्टमी. भांगाचं पाणी हटतं होय कधी?"

त्या दिवशी त्यांनी मला जो हिशोब शिकवला, तो कोकणात पोराटोरांना ठाऊक असतो आणि आमच्या अभ्यासक्रमात कुठंच नव्हता. तिथीला पाऊणनं गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीया असेल तर दोन पाऊण म्हणजे दीड, दुपारी दीडच्या सुमाराला भरती. चतुर्थी असेल तर तीनला. त्याच्या सहा तास अलीकडं आणि सहा तास पलीकडं ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. पाऊण हा तोंडी हिशोबाच्या सोयीचा आकडा आहे. खरं पाहिलं तर भरती दर तिथीला ४८-५० मिनिटांनी पुढं सरकते, म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ हा हिशोब अर्धा-पाऊण तास चुकतो. शिवाय आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडं सरकत जाते, त्यामुळं रत्नागिरीची वेळ मुंबईच्या थोडी आधी येते. नेमकी वेळ मोबाईलवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते, निघायच्या आधी तोच पाहा. पण दिवस निवडायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

यातली खरी गोम पुढं आहे. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात, दोघांची ओढ एकत्र लागते, त्याला उधाण म्हणतात. तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या सुमाराला ही ओढ काटकोनात विभागली जाते, तो भांग. आता वरचाच हिशोब लावून बघा : अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला. याचा अर्थ आपल्या सोयीची भर दुपारची ओहोटी नेहमी भांगाची असते, म्हणजे निकामी. आणि उधाणाची उत्तम ओहोटी येते पहाटे-सकाळी किंवा संध्याकाळी. हे दर महिन्याला असंच असतं, बदलत नाही. म्हणून सांगलीहून पहाटे निघून दुपारी समुद्र बघून रात्री परत, ही सहल कधीच जमत नाही. तिकडं मुक्काम करावाच लागतो.

उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात जास्त असतो. तेव्हा तुमच्यासाठी सोन्यासारखे दिवस म्हणजे प्रतिपदा ते चतुर्थी. शनिवारी प्रतिपदा आणि रविवारी द्वितीया आली तर उत्तमच : शनिवारी सूर्यास्ताच्या सुमाराला एक ओहोटी आणि रविवारी सकाळी सातच्या आसपास दुसरी. गंमत म्हणजे आपल्याकडचे कितीतरी लोक संकष्टीला गणपतीपुळ्याला जातात. संकष्टी म्हणजे कृष्ण चतुर्थी, म्हणजे साडेआठ-नऊची ओहोटी. समुद्राचं पोट उघडं पडलेलं असतं तेव्हा ही सगळी मंडळी दर्शनाच्या रांगेत उभी असतात. रांग झाल्यावर पाण्यात उतरतात, तेव्हा भरती सुरू झालेली असते. त्या किनाऱ्यावर तर पाण्यात उतरूच नका, तिथं दरवर्षी माणसं बुडतात.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिलही चालेल, फक्त नऊ वाजल्यानंतर खडक तापतात. पावसाळ्यात अजिबात नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बंदर झोपलेलं असतं आणि खडकांवर उभं राहणं जिवावर बेतू शकतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात घरी दोन गोष्टी करा. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घाला, म्हणजे चहाचे साधारण सहा सपाट चमचे. समुद्राचं पाणी जवळपास इतकं खारट असतं. थेंबभर जिभेवर ठेवू द्या, थुंकू द्या. मग विचारा, कृष्णेतला मासा यात टाकला तर काय होईल? नदीच्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा मीठ जास्त, त्यामुळं पाणी आपोआप आत शिरतं. तो पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल, सारखा लघवी करत राहतो. समुद्रातल्या माशाचं उलटं. त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जादाचं मीठ कल्ल्यांमधून बाहेर टाकतो. पाण्यात राहून तहानेलं असणं ही कल्पना तिसरीतल्या पोराला फार आवडते, असा माझा अनुभव आहे. दुसरं, काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेन आणा. पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा तुकडा. पिंजऱ्यातल्या पोपटाला चोच घासायला देतात तोच. नाव फेन असलं तरी तो फेस नव्हे. कशाचा आहे ते मुलांना आत्ता सांगू नका. तुकडा जवळ ठेवा, रविवारी लागेल.

वाटेत आंबा घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवा. वडापाव खायला थांबतोच आपण, तेवढ्यात हे दाखवा. इथं पूर्वेला पडलेला पाऊस कडवीतून वारणेत जातो आणि वारणा आपल्या हरिपूरला कृष्णेला मिळते. पुढं ते पाणी कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत बंगालच्या उपसागरात पोचतं. आणि पश्चिमेला पडलेला पाऊस काजळी नदीतून उतरतो आणि रत्नागिरीशेजारी भाट्याच्या खाडीत समुद्राला मिळतो. संध्याकाळी तुम्ही त्याच खाडीच्या तोंडाशी उभे असाल. घाट उतरताना मुलांना गाडी लागते, हे विसरू नका. त्यांना फार खाऊ घालू नका.

शनिवारी अकरा-बारापर्यंत पोचलात की जेवून झाडगावला जा. कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र तिथं आहे, त्याचं मत्स्यालय आणि संग्रहालय लोकांना बघता येतं. वेळ आणि सुट्टीचा दिवस आधी फोन करून विचारा. टाक्या मोठ्या नाहीत. दुबईचे व्हिडिओ बघितलेल्या मुलांना आधी जरा निराशा वाटेल. पण तिथं देवमाशाचा सांगाडा आहे, त्याच्यापुढं अर्धा तास काढा. पुढचे पर बघायला सांगा. परासारख्या दिसणाऱ्या त्या वल्ह्याच्या आत मनगट आणि बोटांची हाडं असतात. मुलीला तिचा पंजा शेजारी धरायला लावा. सातवीच्या पुस्तकात सस्तन प्राणी म्हणून एका ओळीत जे येतं, ते तिथं दिसतं. आणि शेपटीचं विचारा : माशाची शेपटी उभी असते, डावी-उजवीकडं हलते, देवमाशाची आडवी, वर-खाली हलते. कुत्रा धावताना पाठ कशी वर-खाली करतो, तसंच ते. जमिनीवरून पाण्यात परत गेलेल्या प्राण्याची ती जुनी सवय आहे.

संध्याकाळी भाट्याची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. सासूबाईंसाठी हीच जागा : सपाट, वाळू घट्ट, एक घडीची खुर्ची टाकली की झालं. पाणी मागं जात असताना ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी उठायला लागते, कुणी रांगोळी काढावी तशी. मधे एक बीळ आणि त्याच्या भोवती किरणांसारख्या ओळी. वाटाण्याहून लहान खेकडे हे करतात. वाळू तोंडात घालायची, तिच्यातलं सूक्ष्म खाणं चाळून घ्यायचं, उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकायची. भरती आली की नक्षी पुसली जाते, सहा तासांनी पुन्हा नवी. मुलांना जवळ जाऊ देऊ नका, दहा फुटांवर मांडी घालून गप्प बसवा. तीन-चार मिनिटांनी खेकडे बाहेर येतात. अंधार पडायला लागला की वरच्या कोरड्या वाळूतून मोठे, फिकट रंगाचे, काडीवर डोळे असलेले खेकडे पळायला लागतात. ते इतके झपाट्यानं पळतात की मुलगा ओरडणार, हे धरूनच चाला.

खाडीच्या कडेला कांदळवन आहे, खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचं. तिथं फक्त पुलाच्या बाजूनं नजर टाका, चिखलात उतरू नका. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली मुळं दिसतील. ती श्वास घ्यायला वर येतात, कारण चिखलात हवा नसते. पांढरी चिप्पी नावाचं कांदळ २०२० साली आपल्या राज्याचं कांदळवृक्ष म्हणून जाहीर झालं. नशीब असेल तर चिखलावर टुणटुण उड्या मारणारी निवटी दिसेल. मासा असून पाण्याबाहेर हिंडतो तो.

आता रविवारची सकाळ. सगळी सहल या दोन तासांसाठी आहे, बाकीचं झालं नाही तरी चालेल.

कोकणातल्या बहुतेक पुळणींच्या टोकांना खडक असतात. आरे-वारेच्या रस्त्यानं जाताना किंवा मिऱ्याच्या बाजूला, स्थानिक माणसाला "कालवं कुठं काढतात?" एवढं विचारा. जिथं बायका कालवं फोडायला बसतात तिथं खडक सुरक्षित असतो आणि जीवही भरपूर असतात. तक्त्यातल्या ओहोटीच्या वेळेआधी सव्वा तास तिथं पोचा. उतरत्या पाण्याच्या मागं मागं खाली जायचं, आणि पाणी वळलं की लगेच मागं फिरायचं. घड्याळ बघण्याचं काम मुलीला द्या. यजमानांना देऊ नका, ते फोटो काढत असतील.

पायात रबरी तळव्याचे, मागून पट्टा असलेले सँडल हवेत. अनवाणी नको, कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. चप्पल नको, ती खडकाच्या फटीत राहते आणि पाय पुढं जातो. शेवाळ हिरवं दिसलं की त्यावर पाय ठेवायचा नाही. बरोबर एक तळ पारदर्शक असलेला प्लास्टिकचा डबा घ्या. तो पाण्याच्या पृष्ठभागावर हलकेच दाबून धरला की लखलखाट जातो आणि खालचं काचेतून बघावं तसं दिसतं. महागडं भिंग नको, हा डबा पुरे. वहीला पेन्सिल बांधा, पेनाची शाई ओली होते.

खडक वरून खाली मजल्यांसारखा वाचायचा असतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथं फक्त तुषार पोचतात, तिथं ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी फटीत दाटीवाटीनं बसलेल्या असतात. उन्हात तासन्‌तास पाण्याविना काढणारे जीव हे. त्याखाली पांढरे, टोकदार, ज्वालामुखीच्या तोंडासारखे दिसणारे ठिपके, हात फिरवला तर खरवडतात. ही बार्नेकल. लोकांना ती शिंपलीची जात वाटते, पण ती खेकडा-कोळंबीची भावकी. लहानपणी पोहत हिंडतात, मग एक दिवस खडकाला डोक्यानं चिकटतात आणि उरलेला जन्म पायांनी खाणं ओढत काढतात. ओल्या डबक्यात बुडालेलं बार्नेकल शोधा आणि बघा : दर सेकंदाला पिसासारखा पंजा बाहेर येतो, मूठ मिटून आत जातो. डार्विननं १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या एका प्राण्याच्या मागं घालवली. उत्क्रांतीवरचं पुस्तक तेवढं थांबून राहिलं. मुलगा दोन मिनिटांत पुढं पळायला लागला तर त्याला हे सांगा. पळेल तो तरी, पण सांगा.

त्याखाली कालवं, आणि मग खरी मौज असलेला खालचा मजला, जो फक्त उधाणाच्या ओहोटीत उघडा पडतो. त्या म्हाताऱ्या तांडेलांचा हिशोब लागतो तो याच्यासाठी. इथं डबकी असतात. परातीएवढं एक डबकं निवडा आणि तिथंच बसा. हिंडू नका. मी नव्या पोरांना पहिल्या वर्षी हेच सांगायचो आणि कुणी ऐकायचं नाही. चाळीस डबकी बघून यायची आणि "सर, काही नाही तिथं" म्हणायची. डबक्यावर माणसाची सावली पडली की सगळं लपतं. सावली बाजूला करून पाच मिनिटं गप्प बसलं की आधी एक शंख चालायला लागतो. गोगलगाय इतकी वेगात चालत नाही, म्हणजे आत खेकडा आहे. या खेकड्याचं पोट मऊ, कवच नसलेलं, म्हणून तो मेलेल्या गोगलगायीचा शंख घर म्हणून वापरतो. मोठा झाला की मोठं घर शोधावं लागतं. पुळणीवरचे चांगले शंख आपण पिशवीत भरून सांगलीला शोकेसमध्ये ठेवतो, तेव्हा इकडं कुणीतरी तोकड्या घरात अडकून राहतो. मुलं हे ऐकून स्वतःहून खिसे रिकामे करतात. मोठी माणसं करत नाहीत.

मग डबक्याच्या भिंतीवर फुलासारखं काहीतरी उमललेलं दिसेल. समुद्रफूल म्हणतात, पण तो प्राणी आहे. पाकळ्या वाटतात ते त्याचे हात, त्यांत सूक्ष्म डंख भरलेले असतात. लहान कोळंबी लागली की ती सुन्न होते आणि मधल्या तोंडात जाते. बोट लावायचा मोह होईल, लावू देऊ नका. डंख आपल्याला फारसा कळत नाही, पण तो मिटून घेतो आणि त्याची ओहोटीची सगळी शिकार जाते. पाणी ओसरून उघडं पडलेलं समुद्रफूल चिखलाच्या गोळ्यासारखं दिसतं. तेच दहा पावलांवर पाण्यात उमललेलं दाखवा, मुलांना पटत नाही की दोन्ही एकच.

दगड उलटायचा असेल तर दोन हातांनी, हळू, स्वतःच्या दिशेला, म्हणजे खालचा जीव पलीकडं सुटतो. खाली वळवळत्या हातांचा नाजूक तारामासा, चपटे खेकडे, काही पिवळी-केशरी स्पंजाची बुरशीसारखी पुटं दिसतील. बघून झालं की दगड होता तसाच परत ठेवायचा. उलटा ठेवला तर खालचे उन्हानं मरतात आणि वरचे अंधारानं. याबाबतीत मी कडक होतो, कारण आम्ही आधी फार वाईट केलंय. सुरुवातीची काही वर्षं आमची मुलं बरण्या भरून नमुने आणायची. फॉर्मॅलिनमध्ये तारामासे, माकूल (स्क्विडच्या भावकीतला प्राणी), समुद्रफुलं. प्रयोगशाळेच्या कपाटात आधीच तेच असायचं. एका वर्षी कपाटात जागाच उरली नाही, म्हणून जुन्या बरण्या ओतून टाकल्या, तेव्हा लाज वाटली. त्यानंतर फक्त चित्रं काढायची असा नियम केला. अहवाल सुधारले.

हात न लावायच्या यादीत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा : शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा शंख. आत जिवंत गोगलगाय असेल तर ती विषारी सुई मारते. आणि किनाऱ्यावर निळसर फुग्यासारखं किंवा पारदर्शक पेढ्यासारखं काही पडलेलं असेल तर तेही नाही, मेलेल्या जेलीफिशचा डंखही लागतो. लागलाच तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, समुद्राच्याच पाण्यानं धुवून डॉक्टर गाठायचा.

नऊ-साडेनऊला परत आलात की न्याहारी करून मिरकरवाडा बंदर. इथं मगाशी म्हटलेला वास. पण जे मासे समुद्रात बघायला तुम्हाला शंभर स्कूबा लागतील, ते इथं टोपल्यांत पडलेले असतात. लिलावाच्या मधे उभं राहू नका, त्या बायकांचा धंद्याचा वेळ आहे. कडेला एखाद्या मावशींना "मुलांना जरा दाखवायचंय" म्हणा, कौतुकानं दाखवतात. पाच गोष्टी मागा. लेपा : जिभेसारखा चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. जन्मतो तेव्हा डोळे आपल्यासारखे दोन बाजूंना असतात, मग एक डोळा डोक्यावरून सरकत पलीकडं जातो आणि मासा कुशीवर झोपतो तो कायमचा. मुशी : लहान शार्क. बोट शेपटीकडून डोक्याकडं फिरवलं तर सँडपेपर. कल्ल्याच्या जागी झाकण नाही, पाच चिरा मोजता येतात. सांगाड्यात हाड नाही, सगळी कूर्चा, आपल्या कानात असते तशी. पाकट : तीच भावकी, चपटी झालेली. शेपटीत काटा असतो, म्हणून हात तिकडं नको. बांगडा : पाठ गडद, पोट पांढरं. वरून बघणाऱ्याला तो खोल पाण्यात मिसळतो, खालून बघणाऱ्याला आभाळात. आणि माकूल. आता घरून आणलेला समुद्रफेन काढा. माकुलाच्या एका जातीच्या पाठीत हाच तुकडा असतो, त्यात हवेचे बारीक कप्पे असतात आणि ते कमी-जास्त भरून तो पाण्यात वर-खाली होतो. मावशींनी एक चिरून दाखवला तर मुलं सांगलीच्या दुकानातला तुकडा आणि हा शेजारी शेजारी धरतील. पापलेटही बघून घ्या, २०२३ पासून तो आपला राज्यमासा आहे. तळहाताहून लहान पापलेटं टोपलीत दिसली तर ती का दिसू नयेत हे मुलीशी बोला.

बारापर्यंत निघालात तर संध्याकाळी घरी.

उरलेल्या पर्यायांचं लवकर सांगतो. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे, जागा उत्तमच. पण तिसरीतल्या मुलाला बहुतेक ठिकाणी स्कूबाला घेत नाहीत, आणि मुलगी खाली दहा मिनिटं असेल, त्यातली सात भीतीत आणि तीन कॅमेऱ्याकडं बघण्यात जातील. वर पावाचे तुकडे टाकून मासे गोळा करतात ते निराळंच. ती बारावीला जाईल तेव्हा न्या. मुंबई दोन दिवसांत सांगलीहून दमछाक आहे, शिवाय तिथलं तारापोरवाला मत्स्यालय २०२० पासून बंद आहे, आणि असतं तरी काचेमागंच बघायचं होतं. डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीत बसायचंच असेल तर आधी विचारा की पाठलाग करता का. करतो म्हणाला तर उतरा.

साताऱ्याच्या वाचकांसाठी एक वेगळा मार्ग आहे. महाबळेश्वर-पोलादपूर उतरून मंडणगड तालुक्यात वेळासला जाता येतं, किंवा पाटण-कोयना-कुंभार्ली-चिपळूण करून गुहागरला. फेब्रुवारी अखेर ते एप्रिल तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. मादी एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, पिल्लं ४५ ते ५५ दिवसांनी निघतात, आणि वाळू किती तापलीय त्यावर नर की मादी ते ठरतं. वेळासचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं २००२ मध्ये गावकऱ्यांना घेऊन सुरू केलं. तिथंही एक गोष्ट सांगून ठेवा मुलांना : पिल्लं तुमच्या दिवशी निघतीलच असं नाही. एका फेरीत आम्हाला शून्य दिसली. गुहागरला २०२३ मध्ये बागेश्री नावाच्या कासवीच्या पाठीवर उपग्रह यंत्र लावलं होतं. ती दक्षिणेला जात जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली, म्हणजे कृष्णेचं पाणी जातं तिथंच.

राहिल्या सासूबाई. रविवारी सकाळी त्यांना खडकावर नेऊ नका, तो गुडघ्यांचा रस्ता नव्हे. पण त्यांना नुसतं गाडीत बसवून ठेवणंही बरं नाही. तिथी तुमच्यापेक्षा त्यांना चांगली कळते. निघायच्या आधी नातवंडांसमोर पाऊणचा हिशोब त्यांनाच करायला सांगा, आणि तक्त्यातली वेळ मुलीला मोबाईलवर बघू द्या. दोन्हीत किती मिनिटांचा फरक पडला ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शनिवारी संध्याकाळी भाट्याला पाणी खरंच केव्हा वळतं ते खुर्चीवर बसून त्या बघतील. वाळूत एक काडी रोवून ठेवली की झालं. आणि गाडीत पिण्याचं सोडून गोड्या पाण्याचा एक वेगळा कॅन ठेवा. खाऱ्या पाण्याचे पाय न धुता आंबा घाट चढलात तर कोल्हापूर येईपर्यंत पोरं पाय खाजवत बसतात.